दारातला शब्द

पायरीकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. ऑफिसात सगळे त्याला पायरीकर म्हणत, कारण समोर आलेल्या कुठल्याही माणसाला तो पाच मिनिटांत तीनपैकी एका पायरीवर उभं करायचा. घरं स्मार्ट करून देणारी ती छोटीशी कंपनी होती आणि तिथल्या प्रत्येक घराचा आराखडा त्याच्या हाताखालून जायचा.

पहिली पायरी म्हणजे दिवे, पंखे आणि कुलूप फोनवरून. दुसऱ्या पायरीवर घराला माणसाची चाहूल लागायची: कोण आलं, कोण गेलं, कुठल्या खोलीत हालचाल आहे. तिसऱ्या पायरीवर कॅमेरे, पडदे, नळ, औषधांची आठवण, म्हणाल ते. "लोकांना हवी असते तिसरी, लागते पहिली, आणि आपण द्यायची असते दुसरी," असं कंपनीच्या मालकीणबाई म्हणायच्या. पायरीकरला हे पटत नसे. एका नवरा-बायकोने हट्टाने तिसरी पायरी बसवून घेतली आणि वर्षभर तिचा उपयोग केला तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत 'चहा झाला का' हे विचारायला. ते त्याला फार लागलं होतं. तेव्हापासून त्याने बेचाळीस प्रश्नांचं गरजपत्रक तयार केलं. रोज किती वेळा बाहेर पडता, किल्ल्या कुठे ठेवता, रात्री पाणी प्यायला उठता का. ते भरून झालं की माणसाची गरज आपल्याला त्याच्याहून जास्त कळते, असा त्याचा ठाम समज होता. समजच तो, पण तोपर्यंत त्याला कुणी धक्का लावला नव्हता.

ऑपरेटरबाईंचं घर त्याच्याकडे आलं ते मुलाकडून. मुलगा दूरच्या देशात, पंधरा वर्षं तिकडेच. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं कानाला फोन लावून काढली होती आणि आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलाने फोनवर सांगितलं, तिसरी पायरी. बाईंनी समोर बसून सांगितलं, पहिली, आणि तीही तुम्ही इतक्या लांबून आलात म्हणून. कॅमेऱ्याचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "मी केस विंचरताना माझं तोंड कसं दिसतं ते मी मुलाला का दाखवू?"

पायरीकरने मधला मार्ग काढला आणि दुसरी पायरी दिली. कॅमेरा नाही, प्रत्येक खोलीत हालचाल टिपणारी एक पांढरी डबी, आणि दाराशेजारी चपलांच्या कपाटावर एक बोलकी डबी. मेख एकच होती. दार उघडलं-मिटलं एवढं डबीला कळायचं, पण माणूस आत आलं की बाहेर गेलं हे कळायचं नाही. त्यावर पायरीकरने स्वतःच्या डोक्याने उपाय काढला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. दार उघडं असेपर्यंत डबी कान देऊन ऐकायची. 'जातो', 'जाते' ऐकलं की घर रिकामं धरायचं, दिवे बंद. 'येतो', 'येते', 'आलो', 'आले' ऐकलं की माणूस घरात, दिवा चालू आणि पहारा सुरू. माणूस घरात आहे आणि दिवसाउजेडी दीड तास कुठल्याच खोलीत हालचाल नाही, तर मुलाच्या फोनवर लाल सूचना. शब्द कुणी बोललंच नाही तर डबी हालचालीवरून आपला अंदाज बांधायची. पण शब्द आला की शब्द खरा; बोलण्याच्या ओघात मधेच आलेला मात्र ती सोडून द्यायची. मीटिंगच्या खोलीत दार लावून तो, वायरमन आणि रिसेप्शनवरची बाई, तिघांनी हे शब्द दोनदोनशे वेळा डबीला वाचून दाखवले होते. वायरमनचा घसा बसला होता. डबी एकदाही चुकली नव्हती.

दीड महिन्यात ऑपरेटरबाईंच्या घरून सात लाल सूचना गेल्या.

पहिल्या सूचनेला मुलाने घरचा फोन वाजवून वाजवून हैराण केला. बाई मोबाईल बरोबर नेत नसत. तीस वर्षं फोन कानाला लावला, आता फिरायला जातानाही तेच लोढणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुपारी त्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, "अरे, मी वाचनालयात होते." मुलाने नोंद पाहिली. नोंद म्हणत होती, दहा वाजून पाच मिनिटांनी आगमन, नंतर पावणेतीन तास हालचाल नाही. दुसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरकडे होते. नोंद म्हणाली, घरातच होत्या. तिसऱ्या, चौथ्या वेळी तेच. बाई जितक्या हिंडत्याफिरत्या, तितकं यंत्र म्हणे बाई निपचित पडल्या आहेत. ज्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली आणि त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत, त्या आठवड्यात सगळं हिरवंगार.

मुलगा काही वाईट नव्हता. पण माणूस म्हणतं एक आणि यंत्र म्हणतं दुसरं, तेव्हा त्याने यंत्राचं ऐकलं. आईला आठवत नाहीये, ती तासन्‌तास बसल्या जागी बसून राहते आणि मग आपण बाहेर होतो असं तिला वाटतं, असा त्याने अर्थ लावला. एका डॉक्टर मित्रानेही मान डोलावली. मग त्याने त्याच्या गावाजवळ, जिथे रात्रंदिवस परिचारिका असतात अशा एका ठिकाणी आईसाठी खोली ठरवली. येत्या एक तारखेपासून. घर विकायचं ते मागाहून बघू.

आणि कंपनीला त्याने पत्र पाठवलं. तुमच्या यंत्रणेमुळे आईची अवस्था वेळेत कळली, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. मालकीणबाईंनी ते पत्र मोठ्या अक्षरात छापून दारासमोरच्या फलकावर लावलं. नवं गिऱ्हाईक आलं की आधी ते वाचायचं आणि मग खुर्चीत बसायचं. पायरीकरची पाठ दिवसातून तीनदा थोपटली जात होती.

एक तारखेला नऊ दिवस उरले असताना ऑपरेटरबाईंचा फोन आला.

"पायरीकर, जरा येऊन बघून जाल का?" वायरमनच्या तोंडून ऐकून हेच त्याचं आडनाव आहे असं त्यांनी धरलं होतं आणि त्यानेही कधी दुरुस्त केलं नव्हतं. "मशीन चुकत असेल तर तसं सांगा. मी चुकत असेन तर तेही सांगा. गोड बोलू नका."

पायरीकरने फोनवरच एक प्रश्न विचारून घेतला. "काकू, बाहेर पडताना दारात शब्द बोलता ना? मी कागदावर लिहून दिला होता तो?"

"बोलते की. न चुकता बोलते. आजची सवय आहे का ती!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. घर तसं लहानसंच. दारातून आत गेलं की बिनखिडकीचा अरुंद बोळ, भर दिवसा अंधारा. डावीकडे चपलांचं कपाट आणि त्यावर बोलकी डबी. पुढे बैठकीची खोली, पलीकडे स्वयंपाकघर. बोळात दोन रिकाम्या सूटकेस उभ्या होत्या. मुलाने सामानाची यादी पाठवली होती, ती एकीच्या हँडलला अडकवलेली. बाईंनी यादीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "उशी नेऊ देत नाहीत. तिकडे त्यांच्या उशा असतात म्हणे." मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

पायरीकरने एकेक पांढरी डबी काढून पाहिली, सेल बदलले, प्रत्येक खोलीत येरझारा घातल्या. सगळं ठणठणीत. मग बोळात स्टुलावर बसून त्याने दीड महिन्याची पूर्ण नोंद उघडली. ऑफिसात फक्त लाल सूचना यायच्या, पूर्ण नोंद तो आज पहिल्यांदा पाहत होता. आगमन. आगमन. आगमन. त्याने बोटाने वर सरकवत नेलं. एक्क्याऐंशी वेळा आगमन आणि निर्गमन एकदाही नाही. या घरात माणूस नुसतं येतच होतं, जात कधीच नव्हतं.

डबीला 'जाते' ऐकूच येत नसणार, असं त्याला वाटलं आणि हायसं झालं. त्याने दार उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "मी जातो."

"घर रिकामं. दिवे बंद करते," डबी म्हणाली आणि बोळातला दिवा गेला.

"कोण जातोय? चहा टाकलाय मी!" स्वयंपाकघरातून बाई ओरडल्या.

डबीला ऐकू येत होतं. आत कुठेही पैचा दोष नव्हता. चहा पिताना पायरीकर बशीकडे बघत बसला. शब्द बोलते म्हणतात, पण डबीने तो एकदाही ऐकलेला नाही. म्हणजे बोलत नाहीत. आणि बोलत नाहीत हे त्यांच्या लक्षात नाही. मुलगा म्हणतो तेच खरं असावं. आपलं यंत्र बरोबर निघालं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

"तसं... यंत्र ठीक दिसतंय. ऑफिसात जाऊन परत एकदा बघतो."

बाईंनी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मीच."

"तसं नाही काकू."

"तसंच आहे. गोड बोलू नका म्हटलं होतं." मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी मी वाचनालयात गेले होते हे मला दिसतंय हो डोळ्यांसमोर. तिथली ती बाई शिंकत होती. पुस्तक घेतलं मी. पण आता वाटतं, ते आदल्या आठवड्यातलं असेल का? मी खरंच बाहेर होते का हो?"

पायरीकरने उरलेला चहा तसाच ठेवला. आपण या घरात शिरलोच नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने मुकाट्याने बॅग आवरली, बोळात आला, बूट चढवले, दार उघडलं. मागे वळून बघायची हिंमत होईना, म्हणून दाराकडे तोंड करूनच म्हणाला, "बरं काकू, येतो."

"या, स्वागत आहे," डबी म्हणाली आणि बोळातला दिवा लागला.

पायरीकर एक पाय बाहेर, एक पाय आत असा उभा राहिला. त्याने डबीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. मग वळून त्याने विचारलं, "काकू, तुम्ही बाहेर पडताना काय म्हणता? अगदी जसंच्या तसं म्हणून दाखवा."

"काय म्हणणार? येते म्हणते. मग ती 'या' म्हणते, म्हणजे निरोपच झाला की."

"मी कागदावर 'मी जाते' असं लिहून दिलं होतं."

"ते वाचलं मी. पण असं दारात उभं राहून जाते कुणी म्हणतं का? वेड लागलंय का तुम्हाला?" बाई खरोखरच रागावल्या होत्या. "हा पोरगा शाळेत जायचा तेव्हा एकदा जातो म्हणाला, तर परत आत बोलावून येतो म्हणायला लावलं होतं मी. त्याची बस चुकली त्या दिवशी."

पायरीकर स्टुलावर मटकन बसला. दार तसंच उघडं राहिलं. त्याला ती मीटिंगची खोली आठवली. दोनशे वेळा 'मी जातो', दोनशे वेळा 'मी येतो'. आणि संध्याकाळी सहा वाजता लॅपटॉप मिटून वायरमन म्हणाला होता, 'चला, येतो.' रिसेप्शनवरची बाई म्हणाली होती, 'येते हं.' तो स्वतःही मालकीणबाईंच्या केबिनमध्ये डोकावून 'येतो मॅडम' म्हणूनच घरी गेला होता. तिघेही रोज तेच म्हणत होते आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. परक्या कुणी ही चूक केली असती तर निदान अज्ञान म्हणता आलं असतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही बाहेर होतात. सातही वेळा. तुम्ही येते म्हणून गेलात आणि या ठोंब्याला वाटलं तुम्ही आलात. ठोंब्या म्हणजे मी. डबी नाही."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटून घेतले. "शिंकत होती ती," त्या म्हणाल्या. "तेच म्हटलं मी." डोळे उघडले तेव्हा ते भरले होते, पण आवाज एक्स्चेंजमधला झाला होता. "आत्ताच्या आत्ता मुलाला फोन लावते. तुम्ही बोला त्याच्याशी. इथेच, या तुमच्या डबीसमोर."

फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी तो चपलांच्या कपाटावर डबीशेजारी टेकवला. मुलाने पहिल्याच घंटेला उचलला. "आई? काय झालं?"

पायरीकरने सगळं सांगितलं. फलकावरचं पत्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं, मालकीणबाईंचा चेहराही आला, पण त्याने काही झाकून ठेवलं नाही. शब्दांची यादी मी केली, ती चुकीची केली, तुमच्या आईची आठवण शाबूत आहे. एक्क्याऐंशी आगमनं आहेत, त्यातली जवळजवळ निम्मी निर्गमनं आहेत. आजपासून शब्द काढून टाकतो, हालचालीवरून ठरवू. हे सगळं लिहून, सही करून पाठवतो.

मग मुलगा म्हणाला, "पण आई, घरात कुणी नसताना तू येते म्हणतेस? कुणाला?"

"घराला," बाई म्हणाल्या. "घर असतं की."

"मी सातही वेळा तुला खोटं पाडलं."

"पाडलंस."

"आई, मला काळजी वाटत होती गं."

"ती मलाही कळत होती. म्हणून तर सूटकेस काढल्या." त्यांनी पायाने एक सूटकेस जराशी बाजूला सरकवली. "पण मला विचारायचं, मशीनला नाही. मी वाचनालयात होते म्हटलं की मी वाचनालयात होते."

"हो," मुलगा म्हणाला. "मी त्या लोकांना आजच कळवतो. खोली नको म्हणून. खरंच कळवतो." मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "आई, इथे सगळे खोळंबलेत. नंतर बोलू आपण. चल, जातो मी."

"घर रिकामं. दिवे बंद करते," डबी म्हणाली आणि बोळात अंधार झाला.

अर्ध्या उघड्या दारातून जिन्यावरचा थोडा उजेड येत होता, त्यात पायरीकरला बाईंचा हात दिसला. त्याने कपाटाची कड घट्ट धरलेली होती. पोराला परत आत बोलावून दुरुस्त करणारी ही बाई आता मात्र गप्प होती. पंधरा वर्षं तो फोन ठेवताना काय म्हणत आला असेल आणि त्या काय ऐकून घेत आल्या असतील, हे पायरीकरला विचारायची गरज पडली नाही.

"आई? ते काय होतं? कोण बोललं?"

"काही नाही रे. तू जातो म्हणालास, तिनं दिवे घालवले."

फोनमधून पुन्हा ती हाक ऐकू आली. मुलाने त्या माणसाला त्याच्या भाषेत काहीतरी तोडून सांगितलं. मग तो फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "येतो, आई."

"या, स्वागत आहे," डबी म्हणाली आणि दिवा लागला.

"ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि पदराने नाक पुसत होत्या. "ती म्हणतेय हं. मी काही म्हटलेलं नाही."

"आगाऊ आहे ही डबी," मुलगा म्हणाला आणि फोन बंद झाला.

पायरीकरने तिथेच बसून यादीतले शब्द काढायला घेतले. बाई त्याच्या खांद्यावरून बघत उभ्या होत्या. "काय काय काढताय?"

"येतो, येते, सगळंच. म्हणजे परत घोळ नको."

"सूचनेचं काढा," त्या म्हणाल्या. "दिव्याचं राहू द्या."

असा पर्याय त्याच्या कुठल्याच पायरीत नव्हता. पण करायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग त्याने गरजपत्रक काढलं आणि बेचाळिसाव्या प्रश्नाखाली हाताने त्रेचाळिसावा लिहिला: घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? उद्या ऑफिसात गेल्यावर आधी फलकावरचं पत्र काढायचं आणि मग मालकीणबाईंच्या केबिनमध्ये जायचं, हा क्रमही त्याने मनाशी ठरवून टाकला. उलट्या क्रमाने गेलो तर धीर राहणार नाही, हे त्याला माहीत होतं.

निघण्याआधी त्याने दिवसभराची नोंद साफ केली. त्याच्या चाचण्यांच्या ओळी खोडल्या, त्याचं स्वतःचं खोटं आगमन आणि मुलाचं 'जातो'ही खोडलं. शेवटची ओळ राहिली. चार वाजून वीस मिनिटं, आगमन, पुरुषाचा आवाज. ती नोंद धडधडीत चुकीची होती आणि ती खोडणं हे त्याचं काम होतं. पायरीकरने ती तशीच राहू दिली, बूट नीट चढवले आणि दारात उभं राहून, आता अगदी डबीकडे बघून म्हणाला, "येतो."